अनुवाद न केलेला प्याला

मी चुकीच्या गाडीत चढले, तिथून हे सगळं सुरू झालं.

आमच्या जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, अवलाबारीच्या चौकात सकाळी पांढऱ्या व्हॅन रांगेनं उभ्या असतात. त्यातली माझी कुठली ते सहल कंपनीच्या मालकांनी फोनवर नीट सांगितलं होतं, पुढच्या काचेत लाल झालर आहे म्हणून. आता आमच्याकडे कुठल्या व्हॅनच्या काचेत लाल झालर नसते? दिसली त्या पहिल्या झालरीच्या गाडीत मी चढले, ड्रायव्हरकडे न बघता माणसांकडे तोंड केलं आणि रात्रभर घोकलेलं इंग्रजी भाषण सुरू केलं. गाइड म्हणून माझा तो पहिलाच दिवस. माझं नाव मकवाला, आज आपण डोंगरातले किल्ले आणि जुनी चर्चं बघणार आहोत, चर्चमध्ये बायकांनी डोक्यावर रुमाल घ्यायचा, रुमाल माझ्या पिशवीत आहेत, काळजी नको...

माणसं फारच शांतपणे ऐकत होती. तिसऱ्या रांगेतल्या आजीच्या मांडीवर जिवंत कोंबडी होती, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण नवशिक्याला भाषण सुचतं, कोंबडी दिसत नाही.

"ही पोरगी काय विकतेय रे?" आजीनं ड्रायव्हरला विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण छान विकतेय. होऊ दे तिचं."

मी गर्रकन वळले. उन्हानं रापलेलं नाक, करडे डोळे, आणि हसू दाबायचा जराही प्रयत्न नाही. संपलं असेल तर उतर, म्हणाला, ही बारिसाखोची गाडी आहे, नाहीतर बस पुढे, वर डोंगरात सोडतो. माझे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला सुनावलं, की अनोळखी बाईला तू-तुकारा करत नाहीत, 'तुम्ही' म्हणा.

त्यानं माझ्या मागे वाकून बघितलं, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं.

"का? एकटीच तर आहेस."

अख्खी गाडी हसली. कोंबडीसुद्धा काहीतरी बोलली. मी उतरले, ती घाईघाईत रुमालांची पिशवी तिथेच विसरून, आणि त्या दिवशी सगळ्या पाहुण्या बायकांना मी चर्चबाहेर टॉवेल गुंडाळून उभं केलं.

बारिसाखोकडचे खेवसूर लोक तसेच. वरच्या डोंगरातले, सरळ. राजा समोर आला तरी 'तूच' म्हणतील. हे आम्हाला खालच्या लोकांना माहीत असतं आणि तरी दर वेळी झोंबतं. मी तेलावीकडची, द्राक्षांच्या मुलखातली. आमच्याकडे बायको नवऱ्याशी भांडतानासुद्धा आधी पाणी विचारते.

थोड्याच दिवसांत आमच्या कंपनीचा ड्रायव्हर बाटुमीला समुद्रावर काम मिळालं म्हणून निघून गेला. मालकांनी नवा आणला. मी चौकात पोचले, तर पांढऱ्या व्हॅनला टेकून तोच उभा, हातात माझी रुमालांची पिशवी. रुमाल धुतलेले होते, रंगांप्रमाणे घड्या घातलेल्या होत्या. नाव म्हणाला इमेदा. मी म्हटलं, तुम्हाला भेटून आनंद झाला. 'तुम्ही'वर जोर देऊन म्हटलं. त्याला काही फरक पडला नाही. मग मीही हट्टाला पेटले, आणि तो सबंध उन्हाळा तो मला 'तू' म्हणत राहिला आणि मी त्याला 'तुम्ही'.

तो उन्हाळा... आता डोंगरातल्या त्या रस्त्यावर केवढाल्या बस धावतात, वर खिंडीखाली बोगदा खणलाय म्हणे. तेव्हा रस्ता अरुंद होता, फोनला बटणं होती, आणि गुदाउरीच्या पुढे गेलं की जगात आमची एक व्हॅन आणि ढग, एवढंच असायचं. मला अजून त्या गाडीचा वास आठवतो. डिझेल, ओले रुमाल आणि डॅशबोर्डवर त्यानं वाळत टाकलेला रानपुदिना.

त्याला एक खोड होती. चर्च दिसलं की स्टिअरिंगवरचा हात काढून छातीवर तीनदा क्रूस काढायचा. सगळेच काढतात, मीही काढते, पण आमच्या देशात टेकडी तिथे चर्च, आणि चर्च तिथे नेमकं वळण. पाहुणे डोळे मिटून घ्यायचे. एकदा मी चिडले, म्हटलं देव तुमच्याकडे बघतोय, तुम्ही रस्त्याकडे बघा.

"मग माझ्या वाटणीचा तू काढ," तो म्हणाला. "मी चालवतो."

तेव्हापासून प्रत्येक वळणावर मी आधी माझा क्रूस काढायची आणि मग त्याचा. पाहुण्यांना वाटायचं ही मुलगी फारच धार्मिक आहे. तो समोर बघत गाडी चालवायचा आणि ओठांच्या कोपऱ्यात हसायचा. ते मला दिसायचं, कारण मी तिकडेच बघत असायची. सांगायला लाज कशाची? मी त्याच्या प्रेमात पडले होते. नाक रापलेलं, इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, आणि मला रात्री झोप नाही.

त्याच्या मनात काय आहे ते मात्र कळत नव्हतं. तो बोलायचा नाही. उतारावर माझ्या बाजूची खिडकी वारं यायच्या आधी वर करायचा. मी पाहुण्यांना बोलून बोलून खाली आले की चहाचा कप नेमका पिण्याजोगा कोमट. एकदा पाऊस आला तेव्हा त्यानं स्वतःचं जाकीट माझ्या हातात दिलं आणि स्वतः भिजत टायर बघत बसला, टायरला काही झालेलं नसताना. पण बोलायचं काही नाही... आणि मी तरी कशी बोलणार? 'तुम्ही' म्हणत कोणी प्रेम सांगतं का?

ऑगस्ट अर्धा संपला तेव्हा एका संध्याकाळी बॉनेटमध्ये डोकं घालून तो म्हणाला, की त्याचा चुलतभाऊ पोलंडला ट्रक चालवतो, त्यानं याचंही काम तिथे ठरवलंय. महिनाअखेरच्या गुरुवारी निघायचं. दोन वर्षं, जास्तही लागतील. मी म्हटलं, छान आहे, तिकडे रस्ते रुंद असतात. आणि मी राहायची त्या मावशीच्या घरी जाऊन गरज नसताना टोपलीभर कांदे चिरले.

त्यानंतर तो दोन दिवस गावी गेला. त्यांच्या देवाच्या ठाण्यावर जत्रा होती. परतला तो शनिवारी रात्री, आणि रविवारी आमची शेवटची सहल. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की आज तो बोलला तर बोलला. नाही बोलला, तर गुरुवारी तो पोलंडला आणि मी तेलावीला, आईनं माझ्यासाठी बघून ठेवलेल्या दंतवैद्याला भेटायला.

त्या रविवारी पाहुणे थोडेच होते. त्यात न्यूझीलंडहून आलेलं एक म्हातारं जोडपं, रॉस आजोबा आणि जोन आजी. आजोबांनी जन्मभर मेंढ्या पाळलेल्या. खाली अनानुरीच्या किल्ल्यावर एवढं धुकं होतं की भिंतही दिसेना, म्हणून किल्ला परतीच्या वाटेवर बघायचा ठरला. मग पुढे मी माझा नेहमीचा विनोद सांगितला. पासानाउरीच्या अलीकडच्या वळणावर सांगायचा, असं माझं ठरलेलं. जॉर्जियात प्याला उचलून कोणाचं भलं चिंतायचं असेल तर हातात वाइनच हवी, बिअर नाही. बिअरचा प्याला आम्ही फक्त शत्रूसाठी उचलतो. शत्रूसाठी, नाहीतर ट्रॅफिक पोलिसासाठी.

सगळे हसले. सगळे नेहमीच हसतात. पण हा नुसता विनोद नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच बिअरचा ग्लास हातात घेऊन भाषण केलं, ते विहिरीचं पाणी तोडणाऱ्या शेजाऱ्याच्या नावानं. तो शेजारी मेला तरी त्याच्या मुलांना ते भाषण पाठ आहे.

खिंडीत मेंढ्यांनी रस्ता अडवला. आजोबा टुणकन खाली उतरले. इमेदाही उतरला. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण दोघांनी मिळून एका मेंढीचे दात बघितले, खूर बघितले, माना हलवल्या, आणि गाडीत परत आले ते जुने मित्र होऊन. मी हसत बघत राहिले. मग एकदम लक्षात आलं, की असं बघायला मिळायचा हा शेवटचा दिवस.

वर गेर्गेतीच्या चर्चपाशी वारा सुटला होता. मी पाहुण्यांना आत पाठवून दारात उभी होते, तेवढ्यात माझा रुमाल डोक्यावरून उडाला. इमेदानं तो हवेतच पकडला. परत द्यायला आला, तर दिलाच नाही. दोन टोकं धरून माझ्या डोक्यावरून घेतला आणि हनुवटीखाली गाठ मारली. मेंढीच्या गळ्यात घंटा बांधावी तशी घट्ट गाठ. त्याची बोटं थंड होती.

"मकवाला," तो म्हणाला.

"काय?"

त्यानं समोरच्या डोंगराकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

"जेवताना सांगतो."

जेवण पासानाउरीला नार्गिझा मावशीच्या खाणावळीत. खाली उतरेपर्यंत मी पाहुण्यांना काय सांगितलं देव जाणे. जोन आजी नंतर म्हणाल्या, की एकच घंटाघर मी दोन वेगवेगळ्या शतकांत बांधून दाखवलं.

खिंकाली आली, मांस भरलेल्या मोदकांसारखी, वाफाळती. मावशींनी वाइनचा जग ठेवला. आणि इमेदा उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेला, दुधाचा असतो तसा झाकणाचा एक छोटा कॅन होता. त्यानं माझ्या शेजारचा रिकामा ग्लास घेतला, कॅन तिरका केला, आणि ग्लासात काळपट काहीतरी उतरलं. वर दोन बोटं फेस.

बिअर.

तो ग्लास घेऊन उभा राहिला. सरळ, टोपी काढून. माझ्याकडे बघत.

टेबलाच्या त्या टोकाला कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. "ट्रॅफिक पोलीस," एक तरुण पाहुणा पुटपुटला, आणि सगळे खो खो हसायला लागले, कारण विनोद सकाळीच ऐकलेला, ताजा. इमेदा जरा गोंधळला, पण त्यांच्याकडे बघून हसला आणि बोलायला लागला. तो बोलत होता आणि मला फक्त फेस दिसत होता. पुस्तकात वाचलेलं सगळं मला येत होतं हो, खेवसुरांची बिअर, त्यांचं ठाणं, परीक्षेत त्यावर लिहून मी चांगले गुण मिळवलेले. पण लोक हसताहेत, समोर बिअर आहे आणि डोळ्यांपुढे आपले वडील आहेत, अशा वेळी परीक्षा आठवत नाही. मला वाटलं, याला माझा विनोद कोणीतरी सांगितला असणार. आणि जाता जाता, चार लोकांत, यानं तो माझ्यावरच उलटवला. हे सांगायचं होतं जेवताना.

त्याचं बोलणं संपलं. त्यानं ग्लासाला ओठ लावल्यासारखं केलं आणि तो माझ्यासमोर ठेवला. गाडी चालवायची असली की तो एवढंच करायचा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रत्येक भाषणाचा अनुवाद करणं हे माझंच काम. जोन आजींनी विचारलंसुद्धा, काय म्हणाला? मी म्हटलं, काही नाही, निघायला उशीर होतोय. आणि एका बोटानं तो ग्लास माझ्यापासून दूर सरकवला. इतका दूर, की तो वाइनच्या जगाला जाऊन थडकला.

इमेदानं ग्लासाकडे बघितलं. त्यानं तो उचलला, एक थेंब न सांडता पुन्हा कॅनमध्ये ओतला, घोंगडीचा तुकडा गुंडाळला.

"बरं," म्हणाला.

आम्ही खाली निघालो. चर्चं येत होती, वळणं येत होती. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. पहिल्या वळणावर त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच हात काढून क्रूस काढला. दुसऱ्या वळणावर पाहिलंही नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींतलं कुठलं आधी येऊ द्यावं ते कळत नव्हतं.

अनानुरीला पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. धरणाचं पाणी हिरवं, बुरुजांवर उजेड. इमेदा गाडीपाशी थांबला. मी पाहुण्यांना घेऊन तटबंदीच्या आत मोठ्या चर्चपाशी गेले आणि दक्षिणेच्या भिंतीखाली उभी राहून यंत्रासारखी बोलायला लागले. हा दगडात कोरलेला क्रूस, हे देवदूत, हे सिंह, आणि ही द्राक्षवेल. वेल आमच्यात पवित्र. वाइन म्हणजे आमचं रक्त, घरातलं माणूस...

"आणि बिअर?" रॉस आजोबांनी विचारलं.

मी पिशवीतले रुमाल उगाच नीट करायला लागले.

"त्या मुलानं दुपारी काय म्हटलं ते तू आम्हाला सांगितलं नाहीस," ते म्हणाले. "मी जन्मभर मेंढ्यांच्या बाजारात माणसं बघितलीत. थट्टा करणारा माणूस टोपी काढत नाही."

जोन आजींनी त्यांना कोपरानं ढोसलं. पण आता सगळेच बघत होते. मला वाटलं, सांगून टाकावं, होऊन जाऊ दे पुरता अपमान. दुभाष्याच्या कामात एक सवय लागते. मन कुठे का असेना, कान शब्द साठवून ठेवतात आणि मागितले की तसेच परत देतात. दुपारी मी त्याचं काही ऐकलं नव्हतं. तरी सगळं होतं माझ्याजवळ, पहिल्या शब्दापासून. मी भिंतीकडे बघत एकेक वाक्य इंग्रजीत सांगायला लागले.

"हा प्याला मकवालासाठी... जी वळणावळणावर माझ्या वाटणीचा क्रूस काढते."

मी पुढे गेले, कारण पुढचं वाक्य तयारच होतं.

"आमच्या गावात मुलगा जन्मला, की बाप देवाच्या ठाण्यावर जातो. तिथल्या बिअरवर पुजारी त्या मुलाचं नाव घेतो, म्हणजे तो आमच्यातला झाला. माझं नाव असंच घेतलं होतं. परवा मी पुजाऱ्याला म्हटलं, माझ्या नावाशेजारी अजून एक नाव घे. म्हातारा म्हणाला, त्या मुलीला विचारलंस का? म्हटलं, घे तू. रविवारी विचारतो."

जोन आजींनी तोंडावर हात ठेवला. मी बोलत होते आणि बोलता बोलता पहिल्यांदा ऐकत होते.

"ही त्याच पिंपातली. प्यायलीस, तर मी तुझ्या वडिलांच्या दारात येतो. नाही प्यायलीस, तर ग्लास बाजूला सरकव. मी पुन्हा काही विचारणार नाही."

त्या तरुण पाहुण्यानं खाली बघितलं.

"आणि तू सरकवलास," जोन आजी हळूच म्हणाल्या.

"जा की मग, पोरी," रॉस आजोबा म्हणाले. "किल्ला आम्ही आमचा बघतो. कुठे पळून जातोय तो?"

मी धावले. दगडी पायऱ्या, कमान, रुमाल विकणाऱ्या बाया, सगळं ओलांडून. मनात एकच भीती, की तो चावी कोणाच्या तरी हाती देऊन निघून गेला असेल. किल्ल्याखालून झिन्वालीला उतरलं, की तिथून त्याच्या गावचा रस्ता फुटतो. बारिसाखोच्या गाड्या तिथे हात दाखवला की थांबतात.

तो होता. पाण्याच्या कठड्यावर बसला होता, कॅन मांडीवर घेऊन. मला बघून उठला.

"इतक्यात झालं बघून?"

"काय करताय तुम्ही इथे?" मला धाप लागली होती, दुसरं काही सुचलं नाही.

तो कॅनकडे बघत म्हणाला, "ठाण्यावरची आहे. ओतून टाकता येत नाही. परत नेता येत नाही. तिबिलिसीपर्यंत गाडी चालवायची म्हणून पिताही येत नाही. बसलोय."

मी हसले. हसता हसता रडले. तो घाबरला बिचारा, खिशात रुमाल शोधायला लागला. मी त्याला सगळं सांगितलं, घाईघाईत, उलटसुलट. बिअर म्हणजे आमच्याकडे काय, वडील, विहीर, माझा तो विनोद, ते सगळे का हसले. तो ऐकत राहिला. त्याच्या कपाळावर आठी आली, मग दुसरी.

"शत्रूला?" तो म्हणाला. "शत्रूला काय म्हणून पाजायची? एवढी मेहनत घेऊन बनवतात."

"मला काय माहीत."

"म्हणजे उन्हाळाभर त्या वळणावर तू हे सांगायचीस?"

"हो."

"मला वाटायचं, तू माझ्याबद्दल काहीतरी चांगलं सांगतेस. दर वेळी सगळे हसून माझ्याकडे बघायचे. मी त्या वळणावर गाडी हळू घ्यायचो."

खरंच हळू घ्यायचा तो. मला वाटायचं वळण वाईट आहे म्हणून.

"दे इकडे," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. त्याला शब्द कळला की नाही, बघत होता.

"काय म्हणालीस?"

"दे म्हटलं. कॅन दे."

"तू मला..."

"हो. तू. एकटाच तर आहेस."

तेव्हा तो हसला. तसं हसताना मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं, सगळा चेहराच मोकळा झाला. त्यानं घोंगडी सोडली, कॅन माझ्या हातात दिला, आणि मी तो दोन्ही हातांनी तोंडाला लावला. कडू होती हो फार, धुराचा वास असलेली, कोमट झालेली. माझ्या सात पिढ्यांत कोणी एवढी बिअर प्यायलं नसेल. मी थांबले नाही.

"पुरे," तो म्हणाला. "एक घोट चालतो."

"तू बोलू नकोस. मला खात्री करून घेऊ दे."

हनुवटीवरून ओघळलेली बिअर त्यानं बोटानं पुसली आणि बोट तिथेच राहिलं. मागे तटबंदीवरून टाळ्या ऐकू आल्या. किल्ला बघायचा सोडून सगळे पाहुणे कठड्यावर ओळीनं उभे होते, आणि रॉस आजोबा टोपी हलवत होते.

पुढचं सगळं वेगळं आहे. तो तेलावीला द्राक्षतोडणीला आला तेव्हा वडील त्याच्याशी कसे बोलले, आईनं दंतवैद्याला काय कळवलं, लग्नात वरच्या लोकांनी आणि खालच्या लोकांनी दोन वेगळी गाणी एकाच वेळी कशी म्हटली, ते सांगायला बसले तर रात्र पुरायची नाही. पण इतकी वर्षं झाली तरी मला राहून राहून आठवतो तो अनानुरीपासून तिबिलिसीपर्यंतचा रस्ता. ऊन कलतं होतं. मी पुढच्या सीटवर, त्याच्या शेजारी, डोकं हलकं झालेलं. पाहुणे मागे पेंगत होते. मला अचानक गुरुवार आठवला. दोन वर्षं. हे मी विसरलेच होते.

"पोलंडचं काय?" मी विचारलं. "गुरुवारी निघणार तू."

"नाही निघणार."

"भावाला काय सांगशील?"

"सांगितलं. काल रात्रीच. जमणार नाही म्हटलं."

मी त्याच्याकडे वळून बसले.

"काल? पण तू मला विचारलंस आज. मी नाही म्हटलं असतं तर? म्हटलंच होतं की मी नाही, दुपारी."

त्यानं गिअर बदलला. वळण आलं, समोरच्या टेकडीवर छोटं चर्च होतं. त्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"मग वर जाऊन मेंढ्या राखल्या असत्या," तो म्हणाला. "तू राहतेस तो देश सोडून जायचं, ते मला तुला विचारायच्या आधीपासूनच जमणार नव्हतं."

मी खिडकीकडे तोंड केलं आणि खूप रडले, आवाज न करता, खांदे हलतील इतकी. मागे पाहुण्यांना वाटलं, बिअर चढली.